धाकट्याची यादी

जुन्या मोटरसायकलींमध्ये आरएक्स १०० जपणारी माणसं आहेत. जावा-येझदीवाल्यांचे मेळावे भरतात. राजदूत ३५० कुठल्या पार्किंगमध्ये उभी दिसली की चाळिशीपुढचे पुरुष तिच्याभोवती उगाच घुटमळतात. पल्सर २२० च्या नशिबी अजून असं काही आलेलं नाही. ती धड जुनी नाही, धड नवी नाही. कंपनीने २०२२ मध्ये बंद केली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बाजारात आणली. जी वस्तू आजही शोरूममध्ये मिळते, तिचीच पंधरा वर्षं जुनी प्रत घरी बसून उभी करायची, हा कुणाच्याही हिशोबात बसणारा उद्योग नाही. हिशोब हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा हे मी जबाबदारीने सांगते.

पुण्यात तर तिचं कौतुक आणखी कमी. ती इथलीच. चाकणला जोडलेली, आकुर्डीत आखलेली. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या ज्या एआरएआयचे मायलेजचे आकडे देशभरातल्या जाहिराती छापतात, ती संस्था १९६६ पासूनची, आणि तिचा पत्ता आमच्या कोथरूडच्या टेकडीवरचा. प्रत्येक इमारतीत एखादे तरी काका असतात जे बजाज, टेल्को नाहीतर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या एखाद्या शेडमधून निवृत्त झालेत. आपल्या गल्लीत तयार होणाऱ्या गोष्टीला कोण दुर्मीळ म्हणणार?

गाडी धाकट्या भावाची. २०१० ची, काळी. तो कॅनडाला गेला आणि ती कर्वेनगरमध्ये आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली राहिली. सुरुवातीला बाबा आठवड्यातून एकदा चालू करायचे, मग महिन्यातून, मग बॅटरी गेली. या गाडीला किकच नाही, फक्त बटणस्टार्ट, त्यामुळे बॅटरी गेली की विषय संपला. २०२५ मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरणार होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे चालवायची तर आरटीओकडून तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. नाहीतर भंगार. धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, देऊन टाक गं भंगारात. तेवढीच जागा होईल."

मी देऊनही टाकली असती. कागदपत्रं काढायला सीट उघडली, तर पीयूसीच्या जुन्या पावत्यांबरोबर कॉलेजच्या वहीचं एक पान निघालं. धाकट्याच्या अक्षरात वर 'मॉडिफिकेशन' आणि खाली यादी. फ्री-फ्लो सायलेंसर. ओपन एअर फिल्टर. मागे १४० चा टायर. पुढे डबल डिस्क. पांढरा एलईडी हेडलाइट. मागचा मडगार्ड काढणे. मॅट हिरवा रंग. प्रत्येकासमोर तेव्हाच्या किमती आणि शेवटी बेरीज, तिच्याखाली दोन रेघा. बेरीज चुकलेली होती. तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा गाडी नव्हती.

मी ठरवलं की गाडी आधी कंपनीतून आली तशी करायची आणि मग ही यादी लावायची. आधी मूळ, मग हौस. हा क्रम मी नुसता सोयीसाठी लावला होता, पण पुढचं सगळं त्या क्रमामुळे झालं.

तळमजल्यावरचे काका आधी आकुर्डीच्या आणि मग चाकणच्या असेंब्ली लाइनवर होते. आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, ते वर्ष ते घरातल्या एखाद्या घटनेसारखं सांगतात. खंडेनवमीला त्यांच्याकडे पुस्तकांऐवजी टॉर्क रेंच पाटावर असतो. मी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून पाने-पक्कड मांडायला लागले तेव्हा ते खुर्ची घेऊन आले, बसले, आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मी मागचा मडगार्ड सोडवायला घेतला (यादीत होता, म्हणून आधी तोच) तेव्हा एवढंच म्हणाले, "काढ की. पण मला सांग, त्यांनी तो एवढा लांब का केला असेल?"

मला माहीत नव्हतं. चाकाने उडवलेला चिखल मागच्या गाडीवाल्याच्या तोंडावर जाऊ नये, हे मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग कळलं की नंबरप्लेटची जागा, तिच्यावरचा दिवा, रिफ्लेक्टर, सगळं त्याच तुकड्यावर बेतलेलं आहे. तो छाटला की पावसाळ्यात चिखल सरळ सीटच्या खालच्या वायरिंगवर येतो. आमच्या गाडीचं वायरिंग तसंही एका गॅरेजवाल्याने पूर्वी कधीतरी तोडून, पिळून, काळी टेप गुंडाळून ठेवलं होतं. मडगार्ड परत बसला. यादीतली एक ओळ गेली.

आता खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आनंद ब्रेकने दिला, आणि त्याबद्दल मी थोडं लांबण लावणार आहे.

पुढचं चाक हाताने फिरत नव्हतं. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा चिमटा, जाम होता. पुढची डिस्क २६० मिलिमीटरची, मागची २३०. त्या काळात मागेही डिस्क असणं हे या गाडीचं भूषण होतं. डिस्क ब्रेक कसा लागतो हे बहुतेकांना ठाऊक असतं: लिव्हर दाबला की ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्क धरतात. पण लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे कोण आणतं? आत स्प्रिंग नाही. मी कॅलिपर उघडून टेबलावर ठेवला आणि स्प्रिंग शोधत बसले. काका मजा बघत होते.

काम करते ती एक रबरी सील. पिस्टनभोवती खाचेत बसलेली, चौकोनी छेदाची, आणि तिची किंमत चहा-बिस्किटांएवढी. पिस्टन पुढे जातो तेव्हा ती त्याला धरून किंचित पिळली जाते. दाब गेला की ती आपल्या मूळ आकाराला येते आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढं केसभर पुरतं, चाक मोकळं होतं. पॅड झिजले तर पिस्टन सीलमधून जरासा पुढे सरकतो आणि पुन्हा तिथून तेवढाच मागे येतो. म्हणून ड्रम ब्रेकसारखा डिस्क ब्रेक अधूनमधून आवळावा लागत नाही. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याने त्या दिवशी घरी जाऊन काय सांगितलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ ती सील बोटात फिरवत होते.

आमच्या कॅलिपरमध्ये ती दगडासारखी कडक झाली होती आणि तिच्या खाचेत पांढरी खपली साचली होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली धरावी लागते. सिंहगड उतरताना सतत ब्रेकवर राहिलात तर एवढं तापमान दूर नसतं. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊनही गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी बदलायची ही बाटली पुण्यातल्या किती गाड्यांमध्ये कारखान्यातून आली तशीच आहे, हे पार्किंगमधल्या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या, काचांमधून डोकावून बघा. मधासारखा रंग चालतो. काळ्या चहासारखा दिसला तर घाट टाळा.

खाच लाकडी टोकाने खरवडून साफ केली (धातूने खरवडली तर कायमची वाया), नवी सील ब्रेक ऑइलमध्येच भिजवून बसवली, ऑइलच्या नळीतली हवा काढली. लिव्हर असा घट्ट आला की मी डबल डिस्कची ओळ तिथेच खोडली. दुसरी डिस्क लावायची तर पुढच्या शॉकच्या दुसऱ्या पायाला कॅलिपरची बैठक लागते, हबला बैठक लागते, मास्टर सिलिंडर मोठा लागतो. आणि हे सगळं कशासाठी? मूळ ब्रेक कसा लागत होता हे धाकट्याला माहीतच नव्हतं. त्याने गाडी घेतली ती सेकंडहँड, तेव्हापासून त्या सीलला कुणी हात लावलेला नव्हता. यादीत नसलेली एक गोष्ट मात्र मी लावली. रबरी होजऐवजी स्टीलच्या जाळीचा होज. रबरी नळी दाबाने जरा फुगते आणि बोटाचा थोडा जोर तिथे वाया जातो; जाळीवाली फुगत नाही. माझी बोटं लहान आहेत, मला तो जोर हवा होता.

सुटे भाग नाना पेठेत. तिथल्या काउंटरवर उभं राहणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. पहिली अट म्हणजे सॅम्पल हातात पाहिजे. "ताई, सॅम्पल आणलंय?" हा प्रश्न नमस्काराच्या जागी येतो. दुसरा प्रश्न: "आय का एफआय?" त्यामागे एक गोष्ट आहे. २२० पहिल्यांदा २००७ मध्ये आली ती फ्युएल इंजेक्शनसह, डीटीएस-एफआय म्हणून. २००९ मध्ये कंपनीने इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावला, नाव डीटीएस-आय केलं, किंमत बरीच उतरवली आणि ताकद उलट किंचित वाढवून 'फास्टेस्ट इंडियन' म्हणून विकली. तंत्रज्ञान पुढेच जातं असं मानणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. माझ्यापुरतं सांगायचं तर कार्ब्युरेटर असल्यामुळेच ही गाडी मी पार्किंगमध्ये उघडू शकले. तिसरा प्रश्न किमतीचा असतो, पण तो किंमत न विचारता येतो: "कंपनीचा देऊ का चालू देऊ?" चालू म्हणजे लोकल. सील, बेअरिंग, ब्रेक पॅड, चेन-किट कंपनीचं घ्यावं. आरसे, ग्रिप, साइड स्टँडची स्प्रिंग यांना चालू चालतं. सुरुवातीला तिथला एकजण माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, गाडीवाला कुठे आहे म्हणून. मी कॅलिपर पिस्टनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगितल्यावर त्याने मागे बघणं सोडलं.

टाकी. आत टॉर्च मारला तर गेरू फासलेल्या भिंतीसारखी दिसत होती. बाजारात टाकी साफ करायची महागडी रसायनं मिळतात. मी किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणलं, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व. कोमट पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरली आणि ठेवून दिली. गंज हळूहळू विरघळतो, पाणी हिरवट-पिवळं होतं. मग ते काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, म्हणजे उरलंसुरलं ॲसिड मरतं. इथून पुढे घाई. साफ झालेला उघडा लोखंडी पत्रा ओला राहिला तर डोळ्यांदेखत परत तांबूस होतो. आईचा हेअर ड्रायर टाकीच्या तोंडाशी लावला, आणि कोरडी झाल्याबरोबर आत थोडं इंजिन ऑइल घालून घोळवलं. आईचं म्हणणं असं की ड्रायरला अजून वास येतो. त्याच सुमारास चाकाची नवी बेअरिंगं तिच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीशेजारी होती. थंड बेअरिंग आकसतं, हब जरासा गरम केला की प्रसरण पावतो, आणि मग हातोडा न मारता बेअरिंग जागेवर उतरतं. आईला हे शास्त्र पटलं. मटार मात्र तिने फेकून दिले.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंक झाला होता. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक तोटी; त्यातल्या पायलट जेटचं भोक केसाएवढं. ते बुजलं की गाडी चालू होते पण आयडलिंगला टिकत नाही. हा सी.व्ही. प्रकारचा कार्ब्युरेटर आहे, म्हणजे थ्रॉटलची केबल आतला स्लाइड थेट उचलत नाही. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढ्या निर्वाताने एक रबरी पडदा वर जातो आणि स्लाइडला नेतो. त्या पडद्याला सुईएवढं भोक असेल तर गाडी चाळीसपर्यंत उत्तम आणि पुढे आजारी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरांना मानवत नाही. म्हणून पडदा, ओ-रिंगा, पेट्रोलची नळी असं सगळं रबर एकदमच बदललं. आणि पुन्हा उभी करायची वेळ आली तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवायचे, हे बाबांना सांगून ठेवलं.

इंजिन मी उघडलं नाही. याबद्दल मला बरंच ऐकवलं गेलं. 'रिस्टोअर करतेस आणि ब्लॉक-पिस्टन तसंच?' हो, तसंच. कॉम्प्रेशन ठीक होतं, धूर नव्हता, नीट चालणाऱ्या इंजिनचं पॅकिंग उचकटून शहाणपण सिद्ध होत नाही. टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट केली, ऑइल बदललं, प्लग बघितले. या गाडीला दोन प्लग. सिलिंडरमध्ये ज्योत दोन बाजूंनी पेटते, म्हणून मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. याच युक्तीच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस २००७ पासून कोर्टात भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एवढं ज्याच्यावरून भांडण, त्या दोन प्लगांपैकी आमच्या गाडीत एक नवा होता आणि दुसरा झिजून काजळलेला. सर्व्हिसिंग करणाऱ्याने जो सहज हाताशी येतो तो बदलला आणि दुसऱ्याचं नाव फक्त बिलात घातलं.

आता सायलेंसर. यादीतली पहिली ओळ, म्हणजे धाकट्याच्या जिवाच्या सर्वांत जवळची. यावर काका प्रथमच खुर्चीतून पुढे झुकून बोलले. बजाजने त्या दशकात काही गाड्यांच्या बेंडपाइपला, म्हणजे इंजिनातून सायलेंसरकडे जाणाऱ्या नळीला, एक छोटा बंद डबा जोडला होता, एक्झॉस्टेक नावाचा. पोरं तो कापून टाकायची, कारण दिसायला तो अडथळा वाटतो. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. पण धुराबरोबर दाबाच्या लाटाही पाइपमधून जातात, आणि त्या डब्यात शिरून परत येणारी लाट योग्य वेळी पोचली तर कमी आरपीएमला इंजिनाला ओढ मिळते. कापणाऱ्याला आवाज मिळायचा आणि कात्रजच्या चढाला गिअर एक खाली टाकावा लागायचा. "आणि मग म्हणायचे, कंपनीने इंजिन कमजोर दिलंय," काका म्हणाले.

फ्री-फ्लोचंही तसंच. सायलेंसर मोकळा केला, एअर फिल्टर उघडा केला, की हवा जास्त जाते. जेट मात्र जुनेच. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल सायलेंसरमध्ये जाऊन फटफटतं. फर्ग्युसन रस्त्यावर ज्या फटफटीला पोरं दाद देतात ती ही. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. पोलीस असले सायलेंसर जप्त करून रस्त्यावर मांडून बुलडोझरखाली घालतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी करणारं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पण माझी ओळ कायद्याने खोडली असं मी म्हणणार नाही. मूळ सायलेंसर आतून साफ करून, नवं पॅकिंग घालून बसवला, गाडी पहिल्यांदा धड सुरू झाली आणि तिचा स्वतःचा आवाज आला. त्या आवाजात मला बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

१४० चा टायर? मूळ मागचा १२०/८०, सतरा इंची. रिम तेवढीच ठेवून रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, त्याची पाठ टोकदार होते, वजन वाढतं, गाडी वळायला आळस करते. उभी असताना छान दिसते हे मान्य. एलईडी? हेडलाइटची आतली रचना हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेली असते. तिथे दुसऱ्या जागेवरून उजेड टाकणारा बल्ब घातला की प्रकाश रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो. दोन्ही ओळी एकाच संध्याकाळी गेल्या.

एव्हाना मला यादीचा राग यायला लागला होता आणि तो अन्यायाचा होता. विसाव्या वर्षी माणूस गाडीत जे शोधतो ते लोकांनी वळून बघावं हे असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण मूळ गाडी उघडल्याशिवाय ही यादी लावली असती, तर आजारी ब्रेक, बुजलेला जेट आणि मेलेला प्लग असलेल्या गाडीवर मी हजारो रुपयांची सजावट चढवली असती. अशा कितीतरी गाड्या या शहरात फिरताहेत. प्रत्येक भागाच्या मागे कुणीतरी, कधीतरी, टेबलाशी बसून घेतलेला एक निर्णय असतो. तो चुकीचा असू शकतो, स्वस्तात उरकलेला असू शकतो, एखाद्या नियमासाठी नाइलाजाने घेतलेला असू शकतो. पण तो काय होता हे कळल्यावर त्याच्याशी भांडायला मजा येते.

आणि भांडले मी. सीटवरून.

माझी उंची पाच फूट एक इंच. ही गाडी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर मी नव्हते, यात शंकाच नाही. सिग्नलला माझे फक्त चवडे टेकायचे, आणि खाली दीडशे किलोंच्या आसपासचं वजन. सगळ्यांनी सल्ला दिला की मागचे शॉक पट्ट्या लावून खाली घे. ते करायचं नव्हतं: मागून गाडी खाली बसली की पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, स्टिअरिंग सुस्तावतं, साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभीच्या उभी राहते, वाऱ्याने पडेल अशी. मी सीटचा फोम काढला. नुसता वरून कापला तर फळीवर बसल्यासारखं होतं. कापायचा तो पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी, मांड्यांच्या आतल्या अंगाला. सीट अरुंद झाली की पाय बाहेर न फाकता सरळ खाली जातात आणि जवळजवळ तेवढीच उंची मिळते. कुशनवाल्याकडे मी तासभर सीटवर बसून-उठून खडूने खुणा करत होते, तो कापत होता. वर जरा घट्ट फोमचा थर घातला. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर माझ्या बोटांना पोचतील असे आत घेतले. बाहेरून काहीही वेगळं दिसत नाही. पण धाकटा बसला तर त्याचे गुडघे टाकीला लागतील.

राहता राहिलं प्लास्टिक आणि रंग. पुढच्या फेअरिंगचे कान तुटलेले होते, गाडी खड्ड्यात गेली की थडथड. नवी फेअरिंग महाग. आतल्या बाजूला एबीएस असं उठवलेलं असलं की काम सोपं: त्याच प्लास्टिकचे निकामी तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशी करायची, ती तडीवर आतून भरायची, स्टीलच्या जाळीचा तुकडा त्यात दाबायचा. सुकल्यावर दोन्ही एकजीव होतात, कारण तो चिकटवलेला जोड नसून तेच प्लास्टिक असतं. मडगार्डच्या पॉलिप्रॉपिलिनवर हे चालत नाही, ॲसिटोन त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. स्विंगआर्म, स्टँड, फूटरेस्टचे ब्रॅकेट भोसरीला पावडर कोटिंगला दिले. तिथे सांगून ठेवावं लागतं की आटे आणि बुशच्या जागा टेप लावून झाका, नाहीतर भट्टीतून आल्यावर एकही बोल्ट आत जात नाही.

हिरव्या रंगाचा मोह मला खरोखर झाला होता. रंग आरसीवर नोंदलेला असतो, बदलायचा तर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. ते करताही आलं असतं. पण पाऊस जवळ आला होता, दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, आणि वॉटर पेपर मारून मारून माझ्या बोटांचे ठसे गेले होते. जुनाच काळा दिला. फक्त रेडियमवाल्याकडून नवे स्टिकर करून घेतले नाहीत. कंपनीचे सगळे पट्टे काढून टाकल्यावर गाडीचा घाट पहिल्यांदा नीट दिसला. इतकी बांधेसूद असेल असं वाटलं नव्हतं. धाकट्याला फोटो पाठवला. "स्टिकर कुठेत?" एवढंच उत्तर आलं, मग थोड्या वेळाने, "आवाज पाठव."

आरटीओत काही नाट्य झालं नाही. फॉर्म २५, नवी एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासलेली छाप. चेसिसला मी हातानेच रंग दिला होता आणि नंबरावर टेप ठेवली होती, त्यामुळे आकडे स्वच्छ उमटले. तपासणाऱ्याने सायलेंसरकडे वाकून बघितलं, हॉर्न वाजवला, दिवे बघितले आणि विचारलं, "कोण चालवतं?" मी म्हटलं, मी. तो पुढच्या गाडीकडे गेला.

आता भांडण मागच्या शॉक ॲब्सॉर्बरवरून चालू आहे. मूळचे गॅस भरलेले, बाजूला छोटी डबी असलेले, कंपनी त्यांना नायट्रॉक्स म्हणायची. एकाचा गॅस गेलाय, दांड्यावर तेलाचा ओघळ आहे. काकांचं म्हणणं, साधे ऑइलवाले घाल, तुझ्या वजनाला पुरेत, ती डबी विकायला लावली होती. म्हणजे हा माणूस, ज्याने मला मडगार्डसुद्धा काढू दिला नाही, तोच आता मूळ भाग काढायला सांगतोय! मी म्हणते की डबीत गॅसच्या दाबाखाली तेल असतं, म्हणून खडबडीत रस्त्यावर त्याला फेस येत नाही, आणि रस्ते आपल्याकडे कसे आहेत हे काही वेगळं सांगायला नको. ते म्हणतात, "लाइनवर मी होतो का तू?" येत्या रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात जोडी शोधायला जाणार आहे. ते म्हणतात मिळणार नाही, मिळाली तरी तीही गेलेलीच असेल. येणार मात्र आहेत, मागे बसून. मागचा फोम मी कापलेला नाही.